दाजींच्या मापाची गाडी

माझे दाजी कोल्हापूरचे. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला, आता पन्नाशी ओलांडलेली. उंची सहा फूट तीन इंच, वजन १३८ किलो. दिवाळीनंतर त्यांनी जुनी गाडी काढून टाकायचं ठरवलं आणि नवी बघायला मला सोबत घेतलं. पाच शोरूम झाली, अकरा गाड्या झाल्या. जिथे जाऊ तिथला विक्रेता दाजींकडे एकदा नजर टाकून थेट सर्वांत मोठ्या गाडीकडे घेऊन जायचा. तशा दोन गाड्यांमध्ये तर दाजी अक्षरशः अडकले.

एका गाडीतलं बसणं मी जवळून बघितलं. दार उघडलं, डावा पाय आत टाकला, मान वाकवली, सीटवर टेकले, उजवा पाय हाताने उचलून आत घेतला. सीट पार मागे सरकवलेली. तरीही मांडीचा वरचा भाग स्टिअरिंगच्या खालच्या कडेला टेकला होता. क्लच दाबताना ठीक होतं. सोडताना गुडघा वर येतो, तो तिथेच अडला. वर डोकं सनरूफच्या चौकटीला लागत होतं. "बसलोय खरा," दाजी म्हणाले, "पण चालवू कसा?" बाहेरून ती गाडी साडेचार मीटरपेक्षा लांब होती.

एवढ्या लांबीत एका माणसाला जागा का मिळू नये, हे समजून घ्यायचं तर गाडीचं आतलं माप कुठून सुरू होतं ते बघायला हवं. ते बंपरपासून सुरू होत नाही. ते सुरू होतं खुब्याच्या सांध्यापासून. अभियंते त्या ठिकाणाला एच-पॉइंट म्हणतात. तो ठरवण्यासाठी सीटवर माणसाच्या पाठीच्या आणि मांड्यांच्या आकाराचं एक अवजड यंत्र ठेवतात, त्यावर वजनं चढवतात आणि फोम दबल्यावर खुब्याचा सांधा नेमका कुठे येतो ते नोंदवतात. आरसे कुठे हवेत, छप्पर किती उंच, पेडल किती दूर, पट्टा कुठून निघावा, हे सगळं त्या एका बिंदूपासून मोजलं जातं. वजनांसकट या यंत्राचं एकूण वजन भरतं ७५.६ किलो.

दाजींचं वजन त्याच्या पावणेदोन पटींहून थोडं जास्त. ते बसले की फोम यंत्राच्या अंदाजापेक्षा खोल दबतो, खुबा खाली आणि मागे जातो, नजर खाली येते. सीटच्या दोन्ही कडांना वळणावर शरीर धरून ठेवण्यासाठी जे उंचवटे असतात, ते मांड्यांना बाजूने चेपतात. थोडक्यात, कागदावर आखलेली सीट आणि दाजींच्या खालची सीट या दोन वेगळ्या वस्तू असतात.

मग कारखानदार सगळ्यांसाठी मापं का घेत नाहीत? घेतात, पण टोकं सोडून. रूढ पद्धत अशी, की शंभर बायकांमध्ये उंचीने खालून पाचव्या येणाऱ्या बाईपासून शंभर पुरुषांमध्ये पंचाण्णवाव्या येणाऱ्या पुरुषापर्यंत सगळे सामावले पाहिजेत. ऐकायला हे पुरेसं वाटतं. मात्र माणूस एकाच मापाचा नसतो. उंचीत बसणारा मांडीच्या लांबीत बाहेर पडतो, लांबीत बसणारा कमरेच्या रुंदीत.

हे पहिल्यांदा ठसठशीतपणे दिसलं ते विमानांत. १९५० साली अमेरिकी हवाई दलाने चार हजारांहून जास्त वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण लेफ्टनंटने कॉकपिटसाठी महत्त्वाची दहा मापं निवडली आणि प्रत्येकाची सरासरी काढली. सरासरीच्या आसपासचा पट्टाही त्याने पुरेसा रुंद ठेवला. मग ४,०६३ जणांपैकी दहाही मापांत सरासरी किती, ते मोजलं. उत्तर आलं शून्य. तेव्हापासून हवाई दलाने सरासरी माणसासाठी कॉकपिट बांधणं सोडलं आणि सरकणारी सीट, हलणारी पेडलं, कमी-जास्त होणारे पट्टे मागायला सुरुवात केली. आज आपण गाडीत बसल्यावर सीटखालची दांडी ओढतो, त्या दांडीमागचा विचार तोच आहे.

आमच्या घरात तर हा प्रश्न दुहेरी होता. ताई चार फूट अकरा इंच, आणि गाडी तीही चालवणार. सीटची बसकण किती लांब असावी, यावरच दोघांचं भांडण लागेल. लांब ठेवली तर ताईच्या गुडघ्यामागे कड रुतते आणि पाय पेडलपर्यंत पोचत नाही. म्हणून बहुतेक कारखानदार ती आखूड ठेवतात. मग दाजींची अर्धी मांडी अधांतरी राहते, सगळा भार बुडाच्या दोन हाडांवर येतो आणि कोल्हापूर ते सातारा होईपर्यंत कंबर बोलायला लागते. काही गाड्यांत बसकणीची पुढची कड बाहेर ओढता येते. ही सोय ब्रोशरात कुठेतरी खाली छापलेली असते. माझ्या मते ती पहिल्या पानावर हवी.

आता पायांच्या जागेचं गणित. हे शाळेतल्या पायथागोरसने सुटतं. दाजींचा खुब्यापासून टाचेपर्यंतचा पाय, गुडघा चालवण्यापुरता वाकलेला ठेवून, आम्ही टेपने मोजला तेव्हा ९५ सेंटिमीटर भरला. खुबा टाचेपेक्षा २५ सेंटिमीटर उंचीवर असेल, जसा बुटक्या सेडानमध्ये असतो, तर पायाला आडवी जागा लागते जवळपास ९२ सेंटिमीटर. तोच खुबा ३७ सेंटिमीटरवर नेला, म्हणजे खुर्चीत बसावं तसं बसवलं, तर ८७.५ सेंटिमीटर पुरतात. गाडी इंचभरही लांब न करता पायांना चार सेंटिमीटर मिळाले. शिवाय आत शिरताना खाली घसरावं लागत नाही, उतरताना गुडघ्यांवर जोर देऊन उठावं लागत नाही. बुड सरळ बाजूला सरकवायचं. दाजींचे गुडघे तालमीने आधीच झिजवलेत, त्यामुळे ही गोष्ट त्यांना पायांच्या जागेपेक्षाही मोलाची वाटली.

अर्थात खुबा वर गेला की डोकंही तेवढंच वर जातं, म्हणजे छप्पर उंच हवं. ही युक्ती जपानने निकडीपोटी परिपूर्ण केली. तिथल्या केई वर्गातल्या छोट्या गाड्यांना कायद्याने लांबी-रुंदीची मर्यादा आहे. आज ती लांबीला ३.४ मीटर, रुंदीला १.४८ मीटर आहे. उंचीला मात्र दोन मीटरपर्यंत मुभा. मग जागा वाढवायची तर आभाळाच्याच दिशेने. सुझुकीची वॅगन आर १९९३ मध्ये तिथे आली ती अशी. आपल्याकडे १९९८ ची सॅन्ट्रो आणि १९९९ ची वॅगन आर 'टॉल-बॉय' म्हणून ओळखल्या गेल्या. पुढे २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना करात सवलत मिळाली आणि उंच छपराला आणखी कारण मिळालं. सेडानची उंची साधारण दीड मीटर असते, तर आजची वॅगन आर १.६७५ मीटर आहे. फरक वीतभराचा, पण धिप्पाड माणसाला तो मानेत जाणवतो.

उंच छप्पर पाय आणि डोकं सोडवतं; रुंदीचा प्रश्न तसाच राहतो. दार आणि मधला कन्सोल यांच्यामध्ये कंबर किती मोकळी आहे, कोपर दाराला घासतं का, हे बसल्याशिवाय कळत नाही. स्टिअरिंग नुसतं वर-खाली होऊन भागत नाही, ते मागे-पुढेही झालं पाहिजे. एअरबॅग फुटते ती डोळ्याची पापणी लवायच्या आत. म्हणून छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, असं अमेरिकेची रस्ते सुरक्षा यंत्रणा सांगते. पोट पुढे असलेल्या माणसाला ते अंतर राखून हात आरामात पोचवायचे तर स्टिअरिंग स्वतःजवळ ओढता येणं किंवा ढकलता येणं, दोन्ही लागतं.

पण मला खरी काळजी होती ती पट्ट्याची. जुन्या गाडीत दाजी पट्टा पोटावरून घ्यायचे आणि तो आवळू नये म्हणून खांद्यापाशी कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचे. पंधरा वर्षं ते तसेच चालवत होते, हे मला त्या दिवशी कळलं.

तीन ठिकाणी धरणारा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलीन यांनी १९५९ मध्ये आणला. त्याची सगळी करामत एका गोष्टीवर उभी आहे: तो हाडांवर बसला पाहिजे. खालचा पट्टा ओटीपोटाखाली, कमरेच्या पुढच्या दोन टोकदार हाडांवर; वरचा गळपट्टीच्या हाडाच्या मधोमध. ताशी ५० किलोमीटरने धडक बसली आणि गाडीचं नाक चेपत, पट्टा ताणत शरीर ६० सेंटिमीटरमध्ये थांबलं असं धरा. दाजींना थांबवायला लागणारा जोर येतो सुमारे सव्वादोन टनांचा. हाड तो पेलू शकतं. आतडी, यकृत, प्लीहा पेलू शकत नाहीत.

जाड माणसाच्या कमरेभोवतीचा मऊ थर पट्ट्याला हाडापासून दूर ठेवतो. धडकेत पट्टा आधी तो थर दाबत जातो, आणि तेवढ्या वेळात शरीर पुढे गेलेलं असतं. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये माणसांना सीटवर बसवून हे मोजलं. बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, १० ने वाढला की खालचा पट्टा हाडापासून सरासरी ४३ मिलिमीटर पुढे आणि २१ मिलिमीटर वर सरकतो. अमेरिकेतल्या प्राणघातक अपघातांच्या नोंदींवरून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ३५ ते ४० इंडेक्सच्या चालकांना मृत्यूचा धोका सामान्य वजनाच्या चालकांपेक्षा ५१ टक्के जास्त आढळला, ४० च्या वर ८० टक्के. दाजींचा ३८ आहे.

धडकेच्या चाचण्यांमधले पुतळेही अजून मधल्या मापाचेच. भारतात ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही गाड्या धडकवून त्यांना सुरक्षेचे तारे देणारी चाचणी सुरू झाली. समोरच्या धडकेच्या चाचणीत चालकाच्या जागी मध्यम पुरुषाचा, ७८ किलोच्या आसपासचा पुतळा बसतो. अमेरिकेत ह्युमॅनेटिक्स कंपनीने १२४ किलोचा पुतळा २०१४ मध्ये तयार केला तो या उणिवेपोटीच. गाडीला मिळालेले तारे खोटे नसतात, पण ते त्या ७८ किलोंचे असतात. दाजींनी आपल्या हाताने जे करायचं ते त्या ताऱ्यांत मोजलेलं नाही.

म्हणून प्रत्येक गाडीत मी त्यांना पट्टा लावायला बसवलं. बुड पार मागे, पाठ सरळ. उजव्या हाताने पोट वर उचलायचं, डाव्या हाताने खालचा पट्टा त्याखाली हाडापर्यंत दाबत न्यायचा, मग खांद्याकडचा भाग ओढून ढील काढायची. अकरापैकी चार गाड्यांत पट्ट्याची लांबीच पुरली नाही, त्या तिथेच बाद झाल्या. दोन गाड्यांत कुलूप सीट आणि कन्सोलच्या फटीत इतकं खोल होतं, की दाजींची बोटं पोचेनात. ज्याचं कुलूप सापडत नाही तो पट्टा माणूस चार दिवसांनी लावायचा सोडतो.

घेतली ती चार मीटरच्या आतली, उंच छपराची, क्लच नसलेली, सनरूफ नसलेली गाडी. घेण्याआधी दाजी तिच्यात चाळीस मिनिटं बसून राहिले. पाचव्या मिनिटाला बरी वाटणारी सीट तिसाव्या मिनिटाला काय म्हणते ते कळायला तेवढा वेळ लागतोच. घरी आणल्यावर ताईने सीट पुढे घेतली, वर केली, गल्लीला एक चक्कर मारली. मग डबीतून नेलपॉलिश आणून सीटच्या रुळाशेजारी दोन ठिपके लावले: पुढचा तिचा, मागचा दाजींचा. आणि जुन्या गाडीतला तो चिमटा काढून दोरीवर परत लावला.