पंचवीस आकडे जोडायला लागणारा वेळ

यकृताच्या सिरॉसिसचा (यकृतात व्रण पडून ते कठीण होण्याच्या आजाराचा) एखादा रुग्ण डॉक्टरांशी नीट बोलतो, तारीख-वार अचूक सांगतो आणि हात पुढे ताणून धरले तर त्याचे पंजे फडफडत नाहीत. तरीही घरची माणसे सांगतात, की हल्ली हिशेबात चुका होतात, रात्री झोप लागत नाही आणि दुपारी पेंग येते. या अवस्थेला 'मिनिमल हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी', म्हणजे यकृताच्या आजाराने मेंदूवर होणारा सौम्य परिणाम, म्हणतात. नावात 'मिनिमल' असले तरी वाहन चालवणाऱ्यासाठी ती किरकोळ नाही, कारण लक्ष देणे आणि झटकन प्रतिसाद देणे हेच यात आधी मंदावते.

याच्या मुळाशी मुख्यतः अमोनिया असतो. आतड्यात तयार होणाऱ्या अमोनियाचे निरोगी यकृत युरियात रूपांतर करते. सिरॉसिसमध्ये ते काम अपुरे पडते, शिवाय काही रक्त यकृताला वळसा घालून थेट पुढे जाते. मेंदूतील अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी या अमोनियापासून ग्लुटामिन बनवतात आणि त्या भाराने किंचित फुगतात.

साध्या तपासणीत काही सापडत नसल्याने निदानासाठी कागद-पेन्सिल घ्यावी लागते. कागदावर विखुरलेले १ ते २५ आकडे क्रमाने रेषेने जोडायचे आणि त्याला किती सेकंद लागले ते मोजायचे, ही त्यातली सर्वांत परिचित चाचणी. अशा पाच चाचण्यांच्या संचात वय आणि शिक्षण लक्षात घेऊन गुण काढतात. ते उणे ४ च्या खाली गेले, तर दोष आहे असे सामान्यतः मानतात. पण ज्याला आकडेच वाचता येत नाहीत, त्याचे काय? भारतीय संशोधकांनी १९९५ मध्ये आकड्यांच्या जागी चित्रे जोडण्याची चाचणी मांडली, ती याच अडचणीवर. मला ही कल्पना फार शहाणपणाची वाटते. त्याहून सोपी म्हणजे एका मिनिटात प्राण्यांची नावे सांगण्याची चाचणी: पंधराहून अधिक नावे आली, तर सहसा काळजी नसते. रक्तातील अमोनिया वाढलेला दिसला, तरी केवळ तेवढ्यावर निदान होत नाही.

उपचारात पहिले नाव लॅक्टुलोजचे. ही साखर लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणू तिच्यापासून आम्ल बनवतात, त्यामुळे अमोनिया आतड्यातच अडकून शौचावाटे बाहेर पडतो. दिवसातून दोन-तीनदा मऊ शौचाला होईल इतकीच मात्रा ठेवतात; अति झाल्यास जुलाबांनी शरीरातील पाणी कमी होऊन उलट मेंदूची अवस्था बिघडू शकते. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतील २००७ च्या अभ्यासात तीन महिन्यांच्या लॅक्टुलोजनंतर चाचण्यांचे निकाल आणि रुग्णांचे रोजचे जगणे, दोन्ही सुधारले. रिफॅक्सिमिन हे आतड्यात काम करणारे प्रतिजैविकही वापरतात.

प्रथिने बंद करण्याचा जुना सल्ला मात्र आता मागे पडला आहे. स्नायूही अमोनिया निकामी करतात, म्हणून ६० किलोच्या माणसाला रोज ७२ ते ९० ग्रॅम प्रथिने हवीत; डाळी, दही, पनीर यांतून ती सहसा चांगली सोसतात. झोपण्यापूर्वी थोडे खाण्याचा सल्लाही यासाठीच, कारण सिरॉसिसमध्ये एका रात्रीच्या उपवासानेही शरीर स्नायू मोडू लागते.