हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांतील कॅरोटिड धमनीरोध

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मानेतील कॅरोटिड धमन्या आतून मेदाचा थर साचल्याने अरुंद होणे, आणि त्याच रुग्णाला हृदयाच्या तुंबलेल्या धमन्यांना वळसा देणाऱ्या बायपास शस्त्रक्रियेची गरज असणे, असा हा दुहेरी आजार. दोन्हींच्या मुळाशी धमनीकाठिण्यच असल्यामुळे अशी जोडी विरळा नाही. निदान बहुधा डॉपलर सोनोग्राफीने होते.

पेच क्रमाचा आहे. साचलेला थर काढायला मान आधी उघडली, तर तो ताण आजारी हृदयाला सोसावा लागतो आणि हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. हृदय आधी हाती घेतले, तर शस्त्रक्रियेदरम्यान रक्ताभिसरण चालवणाऱ्या हृदय-फुफ्फुस यंत्रावर रक्तदाब उतरून अरुंद धमनीपलीकडचा मेंदू उपाशी राहण्याची भीती. यावर तोड म्हणून १९७२ पासून एकाच भुलीत दोन्ही शस्त्रक्रिया करण्याचे अनुभव प्रसिद्ध होऊ लागले. मानेतल्या धमनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवणे हा नंतर आलेला पर्याय. त्यात चिरफाड टळते, पण स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ही गुठळीरोधक औषधे काही आठवडे जोडीने घ्यावी लागतात. तेवढ्यात बायपास केल्यास रक्तस्राव वाढतो आणि थांबायला प्रत्येक हृदयाला सवड नसते.

मात्र धमनी मोकळी करावीच का, हा प्रश्न क्रमाच्या आधीचा आहे आणि तो बराच काळ मागे पडला. बायपासनंतरचे बरेचसे पक्षाघात हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला चिमटा लावताना सुटलेल्या कणांमुळे होतात. काही पुढच्या दिवसांत, हृदयाची लय बिघडून झालेल्या गुठळीमुळे. म्हणजे मानेतली अरुंद धमनी पुष्कळदा गुन्हेगार नसते, महाधमनीही खराब असल्याची ती साक्षीदार असते. ८० टक्के वा अधिक अरुंद, पण लक्षणे नसलेल्या धमनीच्या रुग्णांवर झालेल्या ‘कॅबॅक्स’ चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. तीस दिवसांत पक्षाघात वा मृत्यूचे प्रमाण एकत्रित शस्त्रक्रियेत १८.५ टक्के, तर नुसत्या बायपासमध्ये ९.७ टक्के होते. पुरेसे रुग्ण न मिळाल्याने चाचणी ठरल्याआधीच थांबली, त्यामुळे हा फरक निर्णायक म्हणता येत नाही. तरी एकत्रित शस्त्रक्रियेचा सरसकट आग्रह धरणाऱ्यांना तो अडचणीचा आहे.

गेल्या सहा महिन्यांत पक्षाघात किंवा त्याचा क्षणिक झटका येऊन गेला असेल, तर धमनी मोकळी करण्याकडे कल असतो. लक्षणे नसताना, दोन्ही बाजू ७० टक्क्यांहून अधिक अरुंद असल्यास किंवा एक तेवढी अरुंद व दुसरी पूर्ण बंद असल्यासच तो विचार होतो. एकाच बाजूच्या मूक अरुंदपणाला सहसा हात लावत नाहीत. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन व रक्तदाबाची औषधे चालू ठेवून, महाधमनीला कमीत कमी हाताळत बायपास उरकतात.