पहाटे चारला गाडीचा अलार्म का बोंबलतो?

पार्किंगमध्ये चिटपाखरू नसतं आणि पहाटे चारच्या सुमाराला एखादी गाडी बोंबलायला लागते. मालक बाल्कनीतून रिमोट दाबून तिला गप्प करतो, अर्ध्या तासाने पुन्हा तेच. मग कुणी म्हणतं जागा बाधिक आहे, तर कुणी सरळ नवा महागडा अलार्म बसवायला सांगतं. दोन्ही सल्ले पैसे वाया घालवणारे आहेत. पहाटेची वेळ हाच इथला सगळ्यात मोठा पुरावा आहे, आणि त्याकडेच कुणी बघत नाही.

अलार्मला चोर दिसत नाही, त्याला काही वायरींवरचं व्होल्टेज तेवढं कळतं. दारांचे, डिकीचे आणि बॉनेटचे स्विच, धक्का ओळखणारा शॉक सेन्सर, काही गाड्यांत केबिनमधली हालचाल टिपणारा अल्ट्रासोनिक सेन्सर, एवढाच त्याचा पसारा. यातला बॉनेटचा स्विच नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण धूळ, पाणी आणि उष्णता सगळ्यात जास्त तोच सोसतो.

बाहेरून बसवलेल्या अलार्ममध्ये हा बहुधा साधा पिन स्विच असतो. बॉनेट बंद असताना पिन दाबलेली असते आणि सर्किट तुटलेलं. बॉनेट उघडलं की स्प्रिंगमुळे पिन वर येते आणि वायर गाडीच्या बॉडीला, म्हणजे अर्थला, जोडली जाते. अलार्मच्या डब्यात हीच वायर एका रोधकातून, म्हणजे वीजप्रवाह अडवणाऱ्या भागातून, बॅटरीच्या १२ व्होल्टला बांधलेली असते. वायरीवर १२ व्होल्ट म्हणजे बॉनेट बंद, शून्य म्हणजे उघडं. मधे कुठेतरी, समजा ६ व्होल्टला, सीमारेषा आखलेली असते.

आता पिन आणि बॉडी यांच्यामध्ये धूळ, गंज आणि क्षार यांचा थर साचतो. कोरडा असताना तो वीज जवळजवळ वाहू देत नाही. ओला झाला की क्षारांचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सुटे होतात आणि थोडी वीज गळू लागते. डब्यातला रोधक १० किलोओहमचा धरू. गळतीच्या वाटेचा रोध १०० किलोओहम असेल तर वायरीवर सुमारे १०.९ व्होल्ट उरतात आणि अलार्म शांत राहतो. तोच रोध ५ किलोओहमवर आला की उरतात ४ व्होल्ट. बॉनेट घट्ट बंद असतं, पण अलार्मच्या हिशेबी ते उघडलेलं असतं.

आणि हे पहाटेच का? संध्याकाळी इंजिनाची ऊब थर कोरडा ठेवते. नंतर निरभ्र आकाशाखाली बॉनेटचा पत्रा अवरक्त किरणांवाटे उष्णता गमावत हवेपेक्षाही थंड होतो, दवबिंदूच्या, म्हणजे दव धरू लागतं त्या तापमानाच्या, खाली जातो आणि त्यावर पाणी धरतं. मुंबई किंवा रत्नागिरीत तर दवाचीही गरज नसते. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतली वाफ ओढून स्वतःच विरघळतं. त्यात गळणारा प्रवाह विद्युत अपघटनाने धनभारित पिनेचा धातू खात राहतो. म्हणून एकदा बिघडलेला हा स्विच आपोआप सुधारत नाही.

बाकीचे संशयित कमी गुंतागुंतीचे आहेत. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी, आणि व्होल्टेज आणखी घसरलं की काही अलार्म भांबावतात. काही सायरनमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असते, ती म्हातारी झाली की सायरन आपणहून वाजतो. अल्ट्रासोनिक सेन्सर असेल आणि काच थोडी उघडी राहिली असेल, तर आरशाला टांगलेली लिंबू-मिरचीसुद्धा वाऱ्याने हलून सायरन वाजवू शकते. तिने संकट टळत नाही, शेजाऱ्यांची झोप मात्र जाते.

तपासताना आधी डॅशबोर्डवरचा दिवा बघा. अलार्म बंद केल्यावर तो किती वेळा लुकलुकतो यावरून कोणत्या सेन्सरने हाक दिली हे बरेच अलार्म सांगतात. खुणा पुस्तिकेत असतात. बॉनेटवर संशय आला तर पिन स्विचची वायर काढून टोकाला टेप गुंडाळा आणि काही रात्री वाट बघा. शांतता झाली तर स्विच पॉलिश पेपरने घासा किंवा नवा टाका. तो फार महाग नसतो. मात्र कंपनीतून आलेल्या काही अलार्ममध्ये स्विचची रचना नेमकी उलटी असते, तिथे वायर काढली की बॉनेट उघडल्याचाच संदेश जातो. तशा गाडीत आधी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, लावून घ्या.