एसीएलची शस्त्रक्रिया: स्थिर गुडघा आणि खेळायला तयार गुडघा

एसीएल, म्हणजे गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटच्या (अस्थिबंधाच्या) पुनर्रचनेनंतर फेरतपासणीला गेलेल्या रुग्णाचा गुडघा डॉक्टर वीस-तीस अंशांत वाकवतात, एका हाताने मांडी स्थिर धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढतात, आणि ती ठामपणे अडली की ‘गुडघा घट्ट आहे’ असे सांगतात. लॅकमन चाचणी ती हीच. घरची मंडळी मात्र ‘आता खेळायला हरकत नाही’ असा त्याचा अर्थ लावतात, आणि गफलत इथेच होते.

ही चाचणी रुग्ण स्नायू सैल सोडून आडवा पडलेला असताना होते, त्यामुळे तुटलेल्या एसीएलच्या जागी बसवलेला ऊतीचा पट्टा, म्हणजे ग्राफ्ट, नडगीला धरून ठेवतो की नाही, एवढेच तिच्यातून कळते. चढाई करून मागे वळणाऱ्या कबड्डीपटूला त्याखेरीज मांडीच्या पुढच्या स्नायूची, म्हणजे क्वाड्रिसेप्सची, ताकद लागते, उडी घेतल्यावर गुडघा आत न झुकवता टेकता यावे लागते आणि त्या पायावर बिनधास्त भार टाकण्याचे धैर्य लागते. हे सारे व्यायामाने कमवावे लागते, कारण शस्त्रक्रियेनंतर मांडी डोळ्यांना दिसेल इतकी बारीक होते. म्हणूनच फिजिओथेरपिस्ट एका पायावर उडी मारायला लावतात आणि दुसऱ्या पायाच्या तुलनेत किमान 90 टक्के कामगिरीची अपेक्षा ठेवतात. माझ्या मते ही तुलनाही जपूनच वाचावी, कारण अनेक महिन्यांच्या विश्रांतीने चांगला पायसुद्धा दुबळा झालेला असतो.

घट्ट गुडघा आणि खेळायला तयार गुडघा यांतील अंतर आकड्यांतही दिसते. अनेक अभ्यास एकत्र करून 2014 साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात 81 टक्के रुग्ण कोणत्या ना कोणत्या खेळाकडे परतले होते, 65 टक्के दुखापतीपूर्वीच्या पातळीवर पोहोचले होते, तर स्पर्धात्मक खेळात 55 टक्केच परतू शकले होते. पुन्हा दुखापत होईल ही भीती अनेकांना अडवते, आणि ती लॅकमन चाचणीत उमटत नाही.

सर्वांत फसवा काळ तिसऱ्या महिन्याच्या आसपासचा. तेव्हा सूज उतरलेली असते, दुखणे थांबलेले असते आणि पाय बरा वाटतो. आत मात्र ग्राफ्टमध्ये नव्या रक्तवाहिन्या शिरून त्याची घडण बदलत असते आणि त्या काळात तो बसवतानाच्या तुलनेत कमकुवत असतो. नॉर्वे आणि अमेरिकेतील संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले, की वळणे-उड्यांच्या खेळात परतणे नऊ महिन्यांपर्यंत जितके लांबवावे, तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्यामागे जवळपास निम्म्याने घटतो.

उलट बाजूही आहे: ज्यांचे एसीएल तुटलेलेच राहिले, अशा काहींचा गुडघा तपासणीत सैल लागतो, पण बळकट स्नायूंच्या आधारावर त्यांचे रोजचे व्यवहार सुरळीत चालतात. त्यामुळे फेरतपासणीला ‘गुडघा कसा आहे?’ असे मोघम विचारण्याऐवजी ग्राफ्ट किती घट्ट आहे आणि क्वाड्रिसेप्सची ताकद किती भरली आहे, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत, आणि दुसऱ्याचे उत्तर मोजमापानेच मागावे.