पाचगणीच्या चर्चपासून साताऱ्याच्या दरबारापर्यंत

पसरणीचा घाट चढून पाचगणीत आलं की बहुतेक गाड्या थेट टेबल लँडकडे जातात. ज्यांच्या हाताशी तासभर जास्त असतो ते सेंट पीटर्स चर्चच्या आवारात शिरतात, दगडी भिंतीपुढे फोटो काढतात आणि निघताना कुणीतरी हमखास म्हणतं, "इंग्रजांच्या वेळचं आहे." ते खरंच आहे. पण मी साताऱ्याचा, म्हणून मला ते अर्धवट वाटतं. या डोंगरावरच्या ख्रिस्ती इतिहासाची दुसरी बाजू मराठी आहे आणि तिचा माग काढायचा तर खाली साताऱ्यात उतरावं लागतं.

आधी साहेबांची बाजू. १८२४ साली लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी साताऱ्याहून महाबळेश्वरच्या पठारावर चढला आणि तिथल्या हवेची तारीफ मुंबईपर्यंत पोचली. सर जॉन माल्कम गव्हर्नर झाल्यावर आजारी गोऱ्यांना हवापालटासाठी ही जागा हवी, असं ठरलं. डोंगर साताऱ्याच्या छत्रपतींचा. प्रतापसिंह महाराजांनी तो कंपनीला दिला आणि बदल्यात वाई भागातलं खंडाळा गाव घेतलं. १८२९ मधली ही गोष्ट. नव्या वसाहतीला माल्कम पेठ नाव पडलं.

हवेचा गुण सगळ्यांना आला असं मात्र नाही. माल्कमनंतर गव्हर्नर झालेले सर सिडनी बेकविथ जानेवारी १८३१ मध्ये महाबळेश्वरलाच वारले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला दगडी स्तंभ आजही दिसतो. पुढे अकरा वर्षांनी, १८४२ साली, मुंबईचे पहिले बिशप थॉमस कार यांच्या हस्ते तिथल्या ख्राइस्ट चर्चचं समर्पण झालं. बरं होण्यासाठी आलेली माणसं इथेच पुरली जात होती, हे ध्यानात ठेवून त्या चर्चमध्ये पाऊल टाकलं तर आतली शांतता वेगळी वाटते.

पाचगणी नंतरची. महाबळेश्वरच्या पावसात कुणी साहेब टिकत नसे. जूनमध्ये बंगले बंद करून सगळे खाली उतरत. बारा महिने राहता येईल अशी जागा शोधताना जॉन चेसन यांनी दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधला माळ निवडला. पाचगणीत जागोजागी दिसणारे सिल्व्हर ओक मूळचे ऑस्ट्रेलियातले, ते इथे आणून लावण्याचं श्रेय त्यांनाच देतात. चेसन यांची कबर सेंट पीटर्सच्या दफनभूमीत आहे. चर्च बघायला जाल तर तिथवर जरूर चला.

आता मला खरी ओढ आहे त्या भागाकडे येतो. अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ख्रिस्ती धर्मप्रचारकांची संस्था. तिचे लोक इंग्रज सरकारचे नोकर नव्हते. मुंबई आणि अहमदनगर ही त्यांची ठाणी. आजारपणात विसावा घ्यायला तेही महाबळेश्वरला येत. अ‍ॅलन ग्रेव्हज हे त्यांच्यातले जुने मिशनरी १८४३ मध्ये तिथेच वारले. पण विसाव्याला आलेल्या मंडळींनी नुसता विसावा घेतला नाही. १८३४ च्या सुमारास मिशनमधल्या बायकांनी महाबळेश्वरला शाळा काढली. पावसाळा लागला की ही शाळा साताऱ्याला उतरायची आणि उघडीप झाली की पुन्हा डोंगरावर जायची. पंधराएक वर्षं हे असं चाललं. १८४९ मध्ये मिशनरी साताऱ्यात कायमचे राहायला आले तेव्हा कुठे ही ये-जा थांबली. चर्चच्या दगडांहून मला ही पावसाबरोबर फिरणारी शाळा जास्त मोलाची वाटते. आज आपण मेढ्याच्या रस्त्याने तासा-दीड तासात वर जातो. त्या काळी हाच प्रवास पाट्या-पुस्तकांसह दर वर्षी होत होता.

याच साताऱ्यात १९१७ साली नारायण वामन टिळक आले. रेव्हरंड टिळक, 'फुलांमुलांचे कवी'. त्यांच्या धर्मांतराची सुरुवातही प्रवासातच झाली होती. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबलचा 'नवा करार' दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे बरीच वर्षं त्यांनी अहमदनगरला मिशनचं काम केलं, मिशनच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचं संपादन केलं.

पण परक्या पैशावर आणि परक्या रीतीवर उभी असलेली ख्रिस्ती मंडळी, म्हणजे इथलं चर्च, त्यांना खुपत होती. आपण ख्रिस्तापाशी आलो ते तुकोबांनी बांधलेल्या पुलावरून, असं ते सांगत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या कुणालाही तिथे जागा होती, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. अभंग, भजन, कीर्तन ही तिथली भाषा. कृष्णाकाठच्या माणसाला ख्रिस्त कळावा तो त्याच्याच टाळमृदंगातून, हा टिळकांचा आग्रह मला त्यांच्या सगळ्या कार्यात श्रेष्ठ वाटतो.

दरबाराला आयुष्य थोडं लाभलं. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. आपल्या देहाला अग्नी द्यावा अशी त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. त्यांच्यामागे दरबार ओसरला.

गाणी मात्र राहिली. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात टिळकांची पदं आहेत. १९७० मध्ये अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल अशा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. साहेबांसाठी चर्च बांधणारा अँग्लिकन पंथ आणि साताऱ्यात शाळा आणणाऱ्या मिशनचा काँग्रिगेशनल पंथ, दोघेही त्यात आले.

म्हणून चर्च बघायला जाणाऱ्यांना मी रविवारी सकाळी जायला सांगतो. चपला-बूट काढायचे का ते दारातच विचारावं, फोन बंद करावा, मागच्या बाकावर बसावं आणि पाळकांनी पद सांगितलं की ऐकावं. एखादं पद टिळकांचं निघालं, तर चाल ओळखीची वाटेल.