मेडिकल फिजिसिस्ट आणि बायोमेडिकल इंजिनिअर: घोळ कुठे होतो

परवा ठाण्याला भाची भेटली. बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाली, "मामा, मला सीटी-एमआरआयच्या संशोधनात जायचंय. मेडिकल फिजिक्स म्हणा नाहीतर बायोमेडिकल इंजिनिअरिंग, एकच ना?" हा प्रश्न मी वीस वर्षं ऐकतोय, कधीकधी डॉक्टरांच्या तोंडूनही. एकच नाही. आणि फरक उशिरा कळला तर पोरांची दोन-तीन वर्षं हकनाक जातात.

सकाळी पहिला पेशंट आत यायच्या आधी आम्ही सीटीच्या टेबलावर पाण्याने भरलेला एक गोल डबा ठेवतो. त्याला फँटम म्हणतात. स्कॅन काढायचा आणि पाण्याचा आकडा शून्याजवळ येतोय का ते बघायचं. हाउन्सफील्डच्या मापात, म्हणजे एक्स-रे किती शोषले गेले ते सांगणाऱ्या मापात, पाणी 0, हवा उणे 1000. एकदा त्या करड्या चित्रात बारीकशी कडी दिसली, पाण्यात खडा टाकल्यावर तरंग उठतो तशी. मी फिजिसिस्ट. माझ्या डोक्यात लगेच आलं की आकडा कितीने चुकतोय, आणि या कडीखाली एखादी खरी गाठ लपली तर? शेजारचा बायोमेडिकल इंजिनिअर म्हणाला, "सर, डिटेक्टरचा कुठला चॅनल गेलाय ते बघतो." डिटेक्टर, म्हणजे किरण टिपणारा भाग, पेशंटभोवती फिरत असतो, त्यामुळे त्यातल्या एका चॅनलची, म्हणजे एका तुकड्याची, चूक चित्रात वर्तुळ होऊन उमटते. दोघांचंही बरोबर होतं.

पुढे संशोधनातही दोघं आपापला प्रश्न घेऊनच जातात. इंजिनिअर नवा डिटेक्टर घडवतो, कडी पुसून टाकणारं सॉफ्टवेअर लिहितो, तालुक्याच्या दवाखान्याला परवडेल असं उपकरण बनवतो. इमेजिंग हा त्याच्या क्षेत्राचा एक कोपरा. इम्प्लांट, सेन्सर, कृत्रिम अवयव हेही त्याचंच. फिजिसिस्टचा जीव मापनात आणि डोसमध्ये: रेडिएशन कमी करूनही चित्र वाचता येईल का, लिनॅकचा, म्हणजे रेडिओथेरपीच्या यंत्राचा, किरण गाठीवरच पडतोय ना.

सीटीचा इतिहासच बघा. केपटाऊनच्या ग्रूट शूर हॉस्पिटलात 1956 साली अ‍ॅलन कॉरमॅक हे भौतिकशास्त्रज्ञ अर्धवेळ काम करत होते. रेडिओथेरपीचं गणित करताना शरीर सगळीकडे सारखंच आहे असं धरलं जायचं, ते त्यांना खटकलं. आतल्या प्रत्येक भागात किरण किती शोषले जातात ते काढायचं गणित त्यांनी मांडलं. तिकडे इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीतले इंजिनिअर गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी कॉरमॅकचं काम माहीत नसताना यंत्रच उभं केलं; 1 ऑक्टोबर 1971 ला लंडनमध्ये पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला. 1979 चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. मला ही जोडी फार प्रिय आहे.

आता मुंबईतली दारं. इंजिनिअरिंगचा रस्ता तसा मोकळा आहे: बीई करा, गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा द्या (2020 पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे), मग पवईला आयआयटीत एमटेक किंवा पीएचडी. तिथेच 2014 पासून बेटिक आहे, जिथे डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसून उपकरणं घडवतात.

फिजिसिस्टचं दार मात्र अरुंद. रेडिओथेरपीत मेडिकल फिजिसिस्ट म्हणून उभं राहायचं तर पात्रता एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, ठरवतं. फिजिक्समध्ये एमएस्सी आणि वर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा, नाहीतर फिजिक्स घेऊन बीएस्सी आणि मग मेडिकल फिजिक्सची एमएस्सी. शिवाय 12 महिन्यांची इंटर्नशिप. बीएआरसीचा, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचा, एक वर्षाचा डिप्लोमा यासाठीच प्रसिद्ध आहे. बायोमेडिकलची बीई घेऊन या दारातून आत येता येत नाही, आणि नेमकं हेच क्लासवाले सांगत नाहीत. पुढे पीएचडी करायची तर बीएआरसी आणि टाटा मेमोरियल दोन्ही होमी भाभा राष्ट्रीय संस्थेखाली येतात, म्हणजे परळच्या वॉर्डाजवळ राहूनच संशोधन होऊ शकतं.

एमआरआयचं मात्र वेगळं आहे. तिथे एक्स-रे नाहीत, चुंबक आणि रेडिओलहरी आहेत, त्यामुळे एईआरबीच्या पात्रतेचा प्रश्नच येत नाही. फिजिक्सवाले, इलेक्ट्रिकलवाले, कॉम्प्युटरवाले, सगळे एकाच टेबलाशी भेटतात. म्हणून भाचीला मी उलट विचारलं, "तुला नक्की सीटी हवंय की एमआरआय?" ती थोडा वेळ गप्प बसली. शनिवारी सकाळी फँटम बघायला येतेय.