रॉक ॲन सोल पार्ट १

डॅरिल हॉल (जन्म १९४६) आणि जॉन ओट्स (जन्म १९४८) या अमेरिकन जोडीच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह. आरसीए कंपनीने तो १९८३ च्या अखेरीस बाजारात आणला. एकूण १२ गाणी. त्यांतली २ नवी, तर ‘वेट फॉर मी’ हे जुने गाणे मैफलीत ध्वनिमुद्रित केलेल्या रूपात घेतले आहे. अमेरिकेतल्या बिलबोर्ड या संगीतविषयक नियतकालिकाच्या अल्बम-यादीत संग्रह सातव्या क्रमांकापर्यंत पोहोचला.

दोघेही फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठाचे विद्यार्थी. १९६७ मध्ये शहरातल्या एका नाचघरात बँडची स्पर्धा होती. तिथे गोळीबार झाला, पळापळ झाली आणि मालवाहू लिफ्टमध्ये शिरलेल्या या दोघांची ओळख झाली, अशी हकीकत ते सांगत आले आहेत. कृष्णवर्णीय चर्चमधले भक्तिगायन आणि ऱ्हिदम अँड ब्लूज यांतून घडलेले सोल संगीत त्या शहराच्या हवेतच होते. गोऱ्यांनी गायलेल्या सोलला ‘ब्लू-आइड सोल’ म्हणण्याची पद्धत आहे. हॉल यांना मात्र तो शब्दच वर्णद्वेषी वाटतो.

संग्रहातले सर्वांत जुने गाणे ‘शीज गॉन’ १९७३ चे. ओट्स यांना ३१ डिसेंबरच्या रात्री एका मुलीने ताटकळत ठेवले, हॉल यांचे लग्न त्याच सुमारास मोडत होते. दोन्ही दुःखे एका गाण्यात आली. शेवटाकडे सॅक्सोफोन थांबतो आणि गाणे अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर चढू लागते. प्रत्येक पायरीवर गळा थोडा अधिक ताणला जातो. पहिल्या खेपेला ते फारसे चालले नाही. १९७६ मध्ये ‘सारा स्माइल’ने नाव केले, तेव्हा ते पुन्हा काढण्यात आले आणि बिलबोर्डच्या गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकावर गेले.

दुसऱ्या टोकाला ‘आय कान्ट गो फॉर दॅट’ (१९८१). इथे ड्रमवादक नाही. रोलंड कंपनीच्या यंत्रातला तयार ठेका, ऑर्गनवरची खालच्या पट्टीची चार-दोन सुरांची चाल आणि मधूनच टोचून जाणारी गिटार, एवढ्यावर सगळे उभे आहे. तरीही हे गाणे कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या सोल-यादीतही पहिले आले. संग्रहाचे खरे मर्म इथेच आहे. वाद्ये बदलली, फिलाडेल्फिया सुटून न्यूयॉर्क आले, पण हॉल यांच्या गळ्यातली हरकत तशीच राहिली. म्हणूनच दहा वर्षांत विखुरलेली गाणी सलग ऐकताना गोधडीसारखी जोडलेली वाटत नाहीत. अपवाद ‘वेट फॉर मी’चा, गर्दीचा गलका येतो आणि घडी थोडी विस्कटते.

अशा संग्रहात नवे गाणे टाकतात ते बहुधा जुन्या चाहत्याने पुन्हा पैसे मोजावेत म्हणून. इथे नव्या गाण्यांनी स्वतःचीच वाट काढली. ‘से इट इजन्ट सो’ दुसऱ्या क्रमांकावर जाऊन अडले, कारण पहिल्या जागी पॉल मॅकार्टनी आणि मायकल जॅक्सन यांचे ‘से से से’ ठाण मांडून होते. ‘ॲडल्ट एज्युकेशन’ १९८४ मध्ये आठव्या क्रमांकापर्यंत गेले.

निवडीत एक गोष्ट लक्षात येते. ‘फॅमिली मॅन’ आणि ‘यूव्ह लॉस्ट दॅट लव्हिन फीलिन’ ही या जोडीने गाजवलेली, पण मुळात इतरांची गाणी वगळली आहेत. २००६ च्या सुधारित आवृत्तीत मात्र ती जोडण्यात आली. ‘रिच गर्ल’, ‘किस ऑन माय लिस्ट’, ‘प्रायव्हेट आइज’, ‘आय कान्ट गो फॉर दॅट’ आणि ‘मॅनईटर’ ही पहिल्या क्रमांकाची पाचही गाणी आहेत. सहावे, ‘आउट ऑफ टच’, संग्रहानंतर वर्षभराने आले आणि बाहेर राहिले. ‘पार्ट १’ या नावाने आशा लावली होती, पण ‘पार्ट २’ कधी निघालाच नाही.